तू आपणहून जाऊन बसायचास

झुंबर, तू घरी मेलास हे लोकांना आधी खरंच वाटेना. नारायणगावच्या बाजारात ज्यानं त्यानं मला हेच विचारलं, चौकीत गेला का? मी सांगितलं, घरी गेला, बाजेवर, दुपारी जेवून आडवा झाला तो उठलाच नाही. ऐकणाऱ्याच्या तोंडावर थोडी निराशा दिसायची. पारधी माणूस म्हातारा होऊन झोपेत मरतो, यात सांगण्यासारखं काय, असा तो चेहरा.

तुझी सुमन मात्र मला म्हणाली, "घरी मेला भाऊ, लई बरं झालं. न्हाई तर बॉडीसाठी कुनाकुनाच्या पाया पडाया लागलं असतं." नवऱ्याला माती देऊन आलेल्या बाईला एवढ्यावर समाधान मानावं लागतं, याची मला शिसारी आली. तिची नाही रे. ज्या मुलखानं तिला हे शिकवलं त्याची, आणि तो मुलूख माझाच आहे. गेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. तुझ्याबद्दल चांगलं बोलायला मला काहीच जड नाही. पण तुझं चांगलं सांगायचं तर बाकीच्यांचं वाईट सांगावं लागतं, आणि ते बाकीचे म्हणजे माझे भाऊबंद, सोयरे, सोसायटीतले, रोज रामराम घालणारे. घालोत. आज मी कुणाची भीड धरणार नाही.

आपण दोघं चौथीपर्यंत एका वर्गात. तुझं दप्तर म्हणजे खताची पांढरी पिशवी. एकदा कुणाची तरी कंपासपेटी हरवली आणि गुरुजींनी सगळा वर्ग सोडून तुझीच पिशवी उलटी केली. आत भाकरीचा तुकडा, फुटकी पाटी आणि तितर धरायचा घोड्याच्या केसांचा एक फास निघाला. वर्ग हसला. मीही हसलो असणार, नववं वर्ष लागलं होतं, काय कळतंय. पेटी दुसऱ्या दिवशी त्या पोराच्या घरीच सापडली, पण ते कुणी वर्गात सांगितलं नाही. पुढच्या वेळी कुणाचं तरी पेन गेलं, तेव्हा गुरुजी काही बोलायच्या आधीच तू उठलास, टेबलापाशी गेलास आणि पिशवी रिकामी करून दाखवलीस. मग उलटी केलेली पिशवी हातात घेऊन तसाच उभा राहिलास.

पुढं आयुष्यभर तू तेच करत राहिलास. शिवारात कुठं चोरी झाली, मोटार गेली, केबल गेली, शेळी गेली, की गाडी यायच्या आत तू स्वतः चौकीत जाऊन भिंतीला टेकून बसायचास. कुणी बोलावलेलं नसायचं. जाताना जुना सदरा घालायचास, कारण चांगला फाटला तर परत कोण घेणार. पोटभर जेवून निघायचास. मोबाईल माझ्याकडं टाकून जायचास, कारण तिथं गेलेला मोबाईल परत आला असं तुझ्या पाहण्यात नव्हतं. मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा तू मला खुळ्यात काढलंस. गाडी वस्तीवर आली की एकट्या तुला नेत नाही, हाताला लागेल तो गडी उचलते, बायांची पातेली पालथी घालते, म्हणून आपणच गेलेलं बरं. तुझ्या मते तो शहाणपणा होता, आणि मला तो शहाणपणाच होता हे कळायचं म्हणून जास्तच संताप यायचा.

आपलं नातं जुनं आहे असं तू चेष्टेत म्हणायचास. होतंच. माझा आजा पोलीस पाटील आणि तुझा आजा त्याच्यापुढं हजेरी द्यायला उभा राहणारा. इंग्रजांनी कायदा करून तुमची आख्खी जात जन्मतः गुन्हेगार ठरवली होती. पोटातल्या पोराचाही गुन्हा ठरलेला. सांज झाली की चावडीपुढं ओळीत उभं राहायचं, नाव पुकारलं की 'जी' म्हणायचं, दुसऱ्या गावाला जायचं तर पाटलाला विचारून. कुणाला तर तारेच्या कुंपणात नेऊन टाकलेलं. आमच्या घरात ही गोष्ट अजून सांगतात. लग्नाकार्यात चार पाहुणे जमले की कुणीतरी चुलता सुरू करतोच, आमच्या आज्याचा दरारा एवढा होता की पारधी चावडीपुढं थरथर कापायचे. सगळे कौतुकानं माना डोलावतात. मागच्या लग्नात मी पंगतीतून उठलो. बायकोला वाटलं जेवण सोसलं नाही.

स्वातंत्र्य आलं, तो कायदा गेला, पुढाऱ्यांनी तुम्हाला मुक्त म्हणून जाहीर केलं. नावं बदलली, खाती बदलली, चौकीला नवा रंग लागला. गुन्हेगार जातीच्या जागी 'सराईत' हा शब्द आला आणि तो परत तुमच्याच दारात येऊन बसला. तुझ्यावर एकही गुन्हा शाबीत नव्हता तरी तू सराईत. सवय कसली, तर संशय घेतला जाण्याची.

आणि गंमत बघ, हेच लोक कांद्याच्या चाळीवर, द्राक्षाच्या बागेवर राखणीला पारधीच ठेवणार. मी तुला माझ्या चाळीवर ठेवलं तेव्हा भावकीनं मला टोमणे मारले, चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणून. तू होतास तोवर माझ्या चाळीतला एक कांदा हलला नाही. तू कधी लाडीगोडी केली नाहीस. माझी फवारणी चुकली तर तोंडावर सांगायचास, माझा थोरला पुण्याहून आला की त्याच्या गाडीला हसायचास, आणि मला 'शेठ' म्हणायचास ते असं लांबवून की त्यात मान कमी आणि चिमटा जास्त. उसाच्या कडेला बिबट्याची पिल्लं दिसली तेव्हा तू मला हाताला धरून मागं ओढलंस आणि पिल्लांची आई कुठल्या बाजूनं येईल ते बोटानं दाखवलंस. त्या दिवशी तू नसतास तर आज हे लिहायला मी नसतो. हे मी तुला कधी बोललो नाही, आभार मानले असते तर तू चेष्टा केली असतीस.

मग ती मोटार गेली. आमच्याच शिवारातल्या एका बागायतदाराच्या विहिरीवरची. तुला सकाळी डेअरीवर दूध घालणाऱ्यांच्या तोंडून कळलं आणि तू नेहमीसारखा जेवून, सदरा बदलून चौकीत जाऊन बसलास. पण तुझी रीत माहीत असलेला जुना हवालदार बदलून गेला होता आणि नवा साहेब लांबच्या जिल्ह्यातला. त्यानं विचारलं, काय काम आहे? तू खरं ते सांगितलंस, मोटार चोरीला गेली म्हणून आलोय. आणि मोटारीचा मालक अजून घरी चहाच पीत होता. तक्रार यायची होती.

"आमाला म्हाईत न्हाई आन तुला कसं कळलं?" साहेबाचा रायटर म्हणाला आणि उठून दार लावून घेतलं.

चोरी झाली की कुणी बोलवायच्या आत हजर होणारा माणूस दुसऱ्या कुठल्या जातीत असता तर त्याला खुळा म्हणाले असते, नाहीतर समाजसेवक. तुझ्या बाबतीत तो कबुलीजबाब ठरला. इतक्या वर्षांत तू जपलेली एकच सावधगिरी, तीच तुझ्या अंगावर आली. मी गेलो तर मला चौकशी चालू आहे एवढंच सांगितलं. पुढं तुला पाहिलं ते कोर्टाच्या आवारात, तेव्हा तू टाचा टेकवत नव्हतास. चवड्यांवर चालत होतास. मी कडेला जाऊन ओकलो. तुला ते दिसलं आणि उलट तूच मला सांगितलंस की उन्हात उभा राहू नकोस.

जामिनाला सातबारावाला माणूस लागतो. हे कुणी ठरवलं कुणास ठाऊक. ज्याच्या बापजाद्यांना कधी ढेकूळभर जमीन लाभू दिली नाही, त्यानं जेलबाहेर यायला जमीनवाला शोधायचा. पुण्याच्या जेलात तुझ्याबरोबर किती जण निव्वळ सातबारा न मिळाल्यामुळं पडून होते ते तू सांगितलंस आणि मी विषय बदलला, ऐकवेना. मी माझा सातबारा दिला. धाकटा भाऊ त्यावरून माझ्याशी भांडला, पारधी पळाला तर जमिनीवर बोजा चढेल म्हणाला. कोर्टातल्या कारकुनानं मला बाजूला घेऊन विचारलं, तुमच्यावर काही दबाव आहे का. मी म्हणालो, आहे, माझ्या लाजेचा. त्याला ते काही कळलं नाही.

तू पळाला नाहीस. एकही तारीख चुकवली नाहीस. मी तर म्हणतो पळाला असतास तर बरं झालं असतं.

आणि मग खरा चोर सापडला. भंगारवाल्याकडं तांब्याची तार विकताना. शिवारातल्या कितीतरी मोटारी त्यानंच फोडल्या होत्या, ज्या मोटारीपायी तू आत गेलास तीसुद्धा. तो आमच्या भावकीतला, सोसायटीच्या चेअरमनचा पुतण्या. चेअरमननं गावातली चार वजनदार माणसं चौकीत नेली, त्यात मलाही. मी गेलो, कारण मला वाटलं आता तुझं नाव सुटणार. तो पोरगा खुर्चीत बसला होता, पुढ्यात चहा-बिस्कीट. मोबाईल त्याच्याच हातात होता. तोच साहेब, ज्यानं तुझे तळवे फोडले, अगदी बापाच्या मायेनं बोलत होता. मुलगा इंजिनिअरिंगला आहे, वाईट संगत लागली, एका चुकीपायी आयुष्याचं वाटोळं व्हायला नको. सगळ्यांनी माना हलवल्या. मोटारमालकांची समजूत घालायचं ठरलं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण मी लहानपणापासून ऐकलेली, पण ती सरकारी टेबलावर अशी मांडलेली मी तेव्हा पाहिली.

मी विचारलं, मग झुंबरचं काय? तुझं दोषारोपपत्र कोर्टात गेलं होतं. ते मागं घ्यायचं तर खऱ्या चोराचं नाव लिहावं लागलं असतं. मी आवाज चढवला तेव्हा चेअरमननं माझ्या मांडीवर हात ठेवला आणि समजुतीच्या सुरात म्हणाला,

"त्याचं काय एवढं, त्यांना सवय आसती."

झुंबर, मी बरीच घाण पाहिली आहे. मेलेली जनावरं ओढली आहेत, तुंबलेली गटारं उपसली आहेत. पण त्या वाक्याचा वास अजून माझ्या नाकातून जात नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात. इथं तर चोराला बिस्कीट आणि संन्याशाला सवय. तो पोरगा आज पुण्यात नोकरीला आहे. यात्रेला येतो, माझ्या पाया पडतो, आणि माझे पाय तेवढा वेळ जागेवर राहतात याचाही मला वीट येतो.

मी तुझ्यामागं लागलो. साहेबाविरुद्ध तक्रार करू, वरच्या कोर्टात जाऊ, पेपरवाल्यांना बोलवू. तू नाही म्हणालास. त्यावरून आपलं जे वाजलं ते अजून मिटलेलं नाही, आणि तू अर्ध्यातून उठून गेलास.

"शेठ, तू तक्रार करशील आन घरी जाशील. मी कुठं जाऊ?" असं तू म्हणालास. मी आणखी ओरडलो.

तुझा हिशेब वेगळा होता. तू बसतोस म्हणून सागरला बसावं लागत नाही, असा. पोरगा पिकअप चालवतो, मार्केटला टोमॅटोचे क्रेट पोचवतो, त्याला सगळे ड्रायव्हर म्हणून ओळखतात. जे काय आहे ते तुझ्या नावावर आहे आणि तू मेलास की ते तुझ्याबरोबर मातीत जाईल. तेवढ्यासाठी तू मरेपर्यंत भिंतीला टेकायला तयार होतास. दुसरं काहीच तुला नको होतं. भरपाई नको, माफी नको. सागर तिथं बसू नये, बस.

मी म्हणालो, तुझ्या आज्यालाही असंच वाटलं असेल आणि तुझ्या बापालाही. तू निर्दोष सुटल्याशिवाय हे तुटायचं नाही. तू माझ्याकडं असं पाहिलंस की जणू मी तुझ्या पोरालाच शाप दिला होता. महिनाभर तू माझ्या बांधावर आला नाहीस. मग एका सकाळी बघतो तर तू माझी फुटलेली ठिबकची नळी जोडत बसलेला. मी शेजारी जाऊन बसलो. आपण शेंगा खाल्ल्या, पण त्या विषयावर परत एक शब्द बोललो नाही. तू बरोबर ठरावास असं मला मनापासून वाटत होतं, हे तेव्हाच सांगायला हवं होतं. भांडणात कुणी हरायला उत्सुक असतो का, मी होतो.

तू गेल्यावर वकिलाला फोन केला. ते म्हणाले, मृत्यूचा दाखला लावू, प्रकरण बंद होईल. मी विचारलं, निर्दोष म्हणून? ते म्हणाले, आरोपी मयत म्हणून. म्हणजे तू सुटला नाहीस, नुसता मेलास. इतक्या तारखा, इतक्या वेळा चवड्यांवर चालत त्या पायऱ्या चढलास, आणि शेवटी कागदावर आरोपीच. मी सुमनला हे सांगितलेलं नाही. तिला वाटतं संपलं.

मलाही वाटलं होतं. तुझा दहावा झाला, पाऊसपाणी बरं होतं, सागर गाडी घेऊन कामाला जायला लागला. माझा तुझ्यावरचा राग ओसरत चालला होता. म्हटलं, चला, बेटा बरोबर बोलत होता, नेलं सगळं सोबत.

परवा आण्याच्या पठारावर कुठंतरी सोलरची केबल गेली. कुठं आणे, कुठं आपण. सकाळी सागरचा फोन आला. चौकीतून हवालदारानं त्याला सांगितलं होतं, बाप न्हाई आता, तर तू येऊन जा. सागरचा आवाज शांत होता आणि मला तेच सहन झालं नाही. मी त्याला म्हणालो, तू गाडी भर, मार्केटला जा, चौकीकडं फिरकायचं नाही, मी बघतो. तो 'बरं काका' म्हणाला.

मी गेलो. जाऊन थेट भिंतीपाशी, तू बसायचास तिथं जमिनीवर बसलो. माझे गुडघे आता वाकत नाहीत, धरत धरत बसलो. हवालदार धावतच आला. शेठ, असं काय करताय, लोक काय म्हणतील. मी म्हणालो, झुंबरच्या जागेवर आलोय. मी काल कुठं व्हतो ते इचारा. माझा मोबाईल बघा. माझ्या घराची झडती घ्या, तांब्याची तार हाय माझ्याकडं, विहिरीवर हाय. तो हसला. दुसराही आला आणि तोही हसला. दोघांनी मला दंडाला धरून उठवलं, अगदी अलगद, आजारी माणसाला उठवतात तसं, आणि खुर्चीत बसवलं. पंखा लावला. चहा सांगितला. हवालदारानं विचारलं, बिबट्या अजून येतो का हो तुमच्या उसात.

मला कुणी काही विचारेना, झुंबर. मी गुन्हेगार असू शकतो एवढंसुद्धा कुणी धरेना. तुझ्या आज्यापासून तुमच्या कुळात ज्या जागेवरून कुणाला उठू दिलं नाही, तिथं मला ओरडून मागूनही बसू देईनात.

चहा पुढ्यात आला आणि तेवढ्यात दारात सागर दिसला. त्यानं गाडी भरली नव्हती. जुना सदरा घातला होता, तुझाच असावा, खांद्यात ढिला होत होता. त्यानं चपला बाहेर काढल्या, माझ्याकडं पाहिलं नाही, कुणाकडंच पाहिलं नाही, आणि भिंतीला टेकून खाली बसला.

हवालदारानं कप माझ्याकडं सरकवला आणि त्याच्याकडं मान हलवून मला म्हणाला, "बघा शेठ, बापाचं वळण हाय. दुसऱ्यांदा फोन करावा लागला न्हाई."

ते त्यानं कौतुकानं म्हटलं.